हेन्री पिडिंग्टन

हेन्री पिडिंग्टन (जन्म : ७ जानेवारी १७९७, अकफील्ड, ससेक्स, इंग्लंड, मृत्यू : ७ एप्रिल १८५८, कोलकाता) हे इंग्रज नाविक, वादळांचे अभ्यासक आणि संग्रहालयाचे अभिरक्षक होते. व्यापारी जहाजांवरील नोकरी सोडल्यानंतर ते बंगालमध्ये स्थायिक झाले आणि उर्वरित आयुष्य त्यांनी कोलकात्यात व्यतीत केले. बंगालचा उपसागर, हिंदी महासागर आणि चीनचा समुद्र यांतील वादळांचा त्यांनी जहाजांच्या नोंदवह्यांवरून अभ्यास केला. आज जगभर रूढ असलेला 'सायक्लोन' हा इंग्रजी शब्द त्यांनी घडवला व १८४८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. मराठीतील 'चक्रीवादळ' हा शब्द त्याच कल्पनेचा वाहक आहे. सुंदरबनातील मातला नदीकाठी नवे बंदर उभारू नये, असा इशारा त्यांनी १८५३ मध्ये दिला होता. तो मानला गेला नाही आणि त्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी तो खरा ठरला.

सुरुवातीचे जीवन

पिडिंग्टन यांचा जन्म दक्षिण इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातील अकफील्ड या गावी झाला. तरुणपणी ते व्यापारी जहाजांच्या सेवेत रुजू झाले व पुढे कप्तान झाले. भारत आणि चीन यांच्या दरम्यानच्या सागरी मार्गांवर त्यांनी प्रवास केला. शिडांच्या जहाजावरील कप्तानाला वाऱ्याची दिशा, हवेचा दाब आणि समुद्राची उसळी यांची नोंद नियमितपणे ठेवावी लागे. या नोंदींचे मोल आणि त्यांतील उणिवा या दोहोंची त्यांना प्रत्यक्ष जाण होती. पुढे वादळांच्या अभ्यासात ती उपयोगी पडली.

कोलकात्यातील कारकीर्द

सागरी नोकरीतून निवृत्त झाल्यावर पिडिंग्टन कोलकात्यात राहू लागले. त्यांची जिज्ञासा एका विषयापुरती मर्यादित नव्हती. भारतातील वनस्पतींच्या नावांची इंग्रजी सूची त्यांनी १८३२ मध्ये प्रसिद्ध केली. एशियाटिक सोसायटी ऑफ बेंगालच्या कार्यात त्यांचा सक्रिय सहभाग होता. कोलकात्यातील आर्थिक भूविज्ञान संग्रहालयाचे ते अभिरक्षक होते. खनिजांची तपासणी व वर्णन हे त्यांच्या कामाचा भाग होते. 'कॅल्डेराइट' या खनिजाचे नाव त्यांनीच दिलेले आहे.

सागरी अपघातांची चौकशी करणाऱ्या कोलकात्यातील न्यायमंडळाचे अध्यक्षपदही त्यांच्याकडे होते. जहाजे कशी बुडाली, कप्तानाने कोणता निर्णय केव्हा घेतला आणि तो का चुकला, या प्रश्नांशी त्यांचा नित्य संबंध येत असे. त्यामुळे वादळांचा अभ्यास त्यांच्या दृष्टीने केवळ शास्त्रीय कुतूहलाचा विषय नव्हता. खलाशांच्या जीवनमरणाशी त्याचा थेट संबंध होता.

पूर्वीचे वादळवाचक शब्द

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्रजीत वादळासाठी अनेक शब्द प्रचलित होते. 'स्टॉर्म' हा मूळचा जर्मानिक शब्द. 'टेम्पेस्ट' हा लॅटिनमधून आला असून त्याच्या मुळाशी काळ किंवा ऋतू या अर्थाचा शब्द आहे. 'हरिकेन' हा कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोकांच्या भाषेतून स्पॅनिशमार्गे आला. 'टायफून' या शब्दात अरबी-फारसी 'तूफान', ग्रीक 'टायफॉन' आणि मोठा वारा या अर्थाचा चिनी शब्द असे तीन प्रवाह मिसळलेले दिसतात. मराठीतील 'तुफान' हा याच अरबी-फारसी शब्दाचा वारस आहे. 'टोर्नॅडो'च्या मागे मेघगर्जना या अर्थाचा स्पॅनिश शब्द असून, वळणे या अर्थाच्या दुसऱ्या शब्दाच्या प्रभावाने त्याचे रूप बदलले. खलाशी हा शब्द पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील गडगडाटी झोतांसाठी वापरत. 'स्क्वॉल' म्हणजे अचानक येणारा वाऱ्याचा झोत, तर 'गेल' म्हणजे दीर्घकाळ टिकणारा जोराचा वारा.

या शब्दांतून वादळ कोठे आले किंवा वारा किती जोराचा होता हे कळे. वारा कोणत्या मार्गाने फिरत होता हे कळत नसे. फ्रान्सिस बोफर्ट यांच्या वायुवेगश्रेणीतही 'गेल', 'स्टॉर्म' आणि 'हरिकेन' हे शब्द चढत्या जोराच्या पायऱ्या म्हणूनच येतात. एकाच वादळाची एका जहाजाच्या वहीत 'गेल' तर दुसऱ्याच्या वहीत 'हरिकेन' म्हणून नोंद होई. अशा नोंदी एकत्र करून वादळाचे स्वरूप ठरवणे कठीण जात असे.

वादळांच्या नियमाचा अभ्यास

मोठ्या वादळात वारा एका केंद्राभोवती फिरतो, ही कल्पना पिडिंग्टन यांच्या आधीची आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील जेम्स कॅपर यांनी १८०१ मध्ये कोरोमंडल किनाऱ्यावरील वादळांविषयी लिहिताना ती सुचवली होती. अमेरिकेत विल्यम रेडफील्ड यांनी १८२१ च्या वादळात उन्मळून पडलेली झाडे वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या दिशांना कोसळल्याचे पाहिले आणि १८३१ मध्ये फिरत्या वाऱ्याचा सिद्धान्त मांडला. ब्रिटिश लष्करी अभियंते विल्यम रीड यांनी १८३८ मध्ये वादळांच्या नियमावर ग्रंथ लिहिला. याउलट वारे सर्व बाजूंनी थेट केंद्राकडे धावतात, असे अमेरिकेतील जेम्स एस्पी यांचे मत होते. हा वाद अनेक वर्षे चालला.

रीड यांच्या ग्रंथाने पिडिंग्टन यांना दिशा मिळाली. जून १८३९ मध्ये बंगालच्या उपसागरात आलेल्या वादळावर त्यांनी पहिला शोधनिबंध लिहिला. तो एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुसरा निबंध त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गोदावरीच्या मुखाजवळील कोरिंगा बंदराला तडाखा देणाऱ्या वादळासंबंधी होता. पुढील काळात त्यांनी या मालेत वीसहून अधिक निबंध लिहिले.

त्यांची पद्धत सोपी पण कष्टाची होती. वादळात सापडलेल्या जहाजांच्या नोंदवह्या मिळवायच्या, एकाच दिवशी एकाच वेळी प्रत्येक जहाज कोठे होते हे नकाशावर मांडायचे आणि तेथील वाऱ्याची दिशा बाणाने दाखवायची. पुरेसे बाण जमले की ते एका केंद्राभोवती वळलेले दिसत. दुसऱ्या दिवशीचे केंद्र तसेच काढले की वादळाच्या वाटचालीची दिशा व वेग कळे. ज्या काळात तारायंत्राचे जाळे नव्हते आणि समुद्रावर निरीक्षणकेंद्र असणे शक्य नव्हते, त्या काळात जहाजे हीच त्यांची वेधशाळा होती.

'चार्ल्स हेडल'ची फेरी

पिडिंग्टन यांनी अभ्यासलेल्या उदाहरणांपैकी 'चार्ल्स हेडल' या जहाजाचे उदाहरण सर्वांत प्रसिद्ध आहे. फेब्रुवारी १८४५ मध्ये मॉरिशसजवळ हे जहाज वादळात सापडले. कप्तानाने वाऱ्याला पाठ देऊन जहाज पुढे पळवले. नेहमीच्या वाऱ्यात असे केल्याने जहाज संकटापासून दूर जाते. येथे मात्र वारा वर्तुळाकार फिरत असल्यामुळे जहाजही त्याच्याबरोबर फिरत राहिले. सुमारे पाच दिवसांत त्याने वादळाच्या केंद्राभोवती पाच फेऱ्या घातल्या.

या जहाजाच्या नोंदवहीचे विश्लेषण करून पिडिंग्टन यांनी दोन गोष्टी दाखवून दिल्या. वारा खरोखरच केंद्राभोवती फिरतो आणि फिरता फिरता संपूर्ण वादळ पुढे सरकते. दुसरी गोष्ट अधिक व्यावहारिक होती : वाऱ्यापासून पळणे म्हणजे वादळापासून पळणे नव्हे. वादळाचा आकार ठाऊक नसलेल्या कप्तानाला ही चूक जिवावर बेतणारी ठरू शकत होती.

'सायक्लोन' शब्दाची निर्मिती

अशा वादळांना वेगळे नाव हवे, या निष्कर्षाप्रत पिडिंग्टन आले. जोरदार वाऱ्यांचे त्यांनी दोन वर्ग केले : सरळ किंवा किंचित वळणारे वारे आणि वर्तुळाकार किंवा अत्यंत वक्र मार्गाने फिरणारे वारे. दुसऱ्या वर्गासाठी त्यांनी 'सायक्लोन' हा शब्द सुचवला. त्याचा आधार वर्तुळ या अर्थाचा 'किक्लोस' हा ग्रीक शब्द होता. सापाचे वेटोळे हाही त्या ग्रीक शब्दाचा एक अर्थ आहे, याकडे त्यांनी लक्ष वेधले.

वेटोळ्याच्या या अर्थाला महत्त्व होते. वारा भूमितीतील अचूक वर्तुळात फिरतो असा दावा पिडिंग्टन यांना करायचा नव्हता. तसा पुरावाही नव्हता. फिरण्याची प्रवृत्ती सांगणारा, परंतु वर्तुळ अचूक असल्याचे न सांगणारा शब्द त्यांना हवा होता. शिवाय या शब्दात वाऱ्याच्या जोराविषयी किंवा प्रदेशाविषयी काहीही सूचित होत नव्हते. बंगालच्या उपसागरातील, चीनच्या समुद्रातील आणि वेस्ट इंडीजमधील एकाच प्रकारच्या वादळांना त्यामुळे प्रथमच एक समान नाव मिळाले.

'किक्लोस' आणि संस्कृत 'चक्र' हे शब्द एकाच प्राचीन इंडो-युरोपीय मूळापासून आले आहेत. इंग्रजीतील चाक या अर्थाचा 'व्हील' हा शब्दही त्याच कुळातला आहे.

खलाशांसाठी ग्रंथ

पिडिंग्टन यांनी १८४४ मध्ये कोलकात्यात भारतीय व चिनी समुद्रांतील वादळांच्या नियमावर एक पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचे विस्तारित रूप असलेला 'द सेलर्स हॉर्न-बुक फॉर द लॉ ऑफ स्टॉर्म्स' हा ग्रंथ १८४८ मध्ये निघाला. 'सायक्लोन' हा शब्द याच ग्रंथातून प्रचारात आला. ग्रंथाच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या. सामान्य खलाशांना विषय समजावा म्हणून संवादरूपाने लिहिलेले त्यांचे आणखी एक पुस्तक १८५२ मध्ये प्रसिद्ध झाले.

ग्रंथनामातील 'हॉर्न-बुक' हा शब्द द्व्यर्थी आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी मुलांना अक्षरओळख करून देणाऱ्या पाटीवर शिंगाचा पातळ पारदर्शक पापुद्रा बसवलेला असे. तिला हॉर्न-बुक म्हणत. त्यामुळे या शब्दाला प्राथमिक पुस्तक असा अर्थ आला. पिडिंग्टन यांच्या ग्रंथालाही शिंगाच्या दोन पारदर्शक चकत्या जोडलेल्या होत्या, एक उत्तर गोलार्धासाठी व एक दक्षिण गोलार्धासाठी. चकतीवर वर्तुळे आणि वाऱ्याच्या दिशेचे बाण कोरलेले असत. कप्तानाने चकती सागरी नकाशावर ठेवून ती सरकवायची. प्रत्यक्ष वाहणाऱ्या वाऱ्याशी जुळणारा बाण जहाजाच्या जागेवर आला की चकतीचा मध्य वादळाचे अंदाजे केंद्र दाखवी.

उत्तर गोलार्धात अशा वादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे वाऱ्याकडे तोंड करून उभे राहिले असता केंद्र उजव्या हाताला असते. रत्नागिरीसमोरच्या समुद्रात वारा पूर्वेकडून येत असेल, तर केंद्र साधारणपणे दक्षिणेस आहे असे समजावे. जहाज एका जागी थांबले असताना वाऱ्याची दिशा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे बदलत गेली, तर जहाज वादळाच्या मार्गाच्या उजव्या बाजूस आहे. उलट बदलत गेली, तर डाव्या बाजूस आहे. दक्षिण गोलार्धात वारे उलट दिशेने फिरत असल्यामुळे वाऱ्याकडे तोंड केले असता केंद्र डाव्या हाताला असते.

वारे वर्तुळाच्या परिघावरून न जाता आत वळत केंद्राकडे येतात, हे पुढील संशोधनाने अधिक स्पष्ट केले. त्यामुळे केंद्र काटकोनात असते हा नियम सुधारावा लागला. मॉरिशसमधील चार्ल्स मेल्ड्रम यांचे काम या संदर्भात महत्त्वाचे आहे. मात्र वर्तुळ अचूक नसल्याची शक्यता पिडिंग्टन यांनी शब्द घडवतानाच गृहीत धरली असल्यामुळे, नियम बदलला तरी शब्द बदलावा लागला नाही.

वादळी लाट आणि मातला बंदराचा इशारा

किनाऱ्यावरील मनुष्यहानी मुख्यतः वाऱ्यामुळे होत नसून वादळाबरोबर जमिनीवर चढणाऱ्या पाण्यामुळे होते, याकडे पिडिंग्टन यांनी विशेष लक्ष दिले. बंगालच्या उपसागराचे उत्तर टोक उथळ व निमुळते आहे. वाऱ्याने ढकललेले पाणी तेथे पसरण्यास जागा न मिळाल्याने उंच चढते. सुंदरबनाची सखल भूमी अशा लाटेच्या थेट मार्गात येते.

हुगळी नदीचे पात्र गाळाने भरत चालल्याने कोलकाता बंदराला पर्याय म्हणून मातला नदीकाठी बंदर उभारण्याची योजना या काळात पुढे आली. कोलकात्याच्या आग्नेयेस असलेल्या या नदीच्या नावातच बंगालीत उन्मत्तपणाचा अर्थ आहे. मराठीतील 'मातणे' हे क्रियापद त्याच्या जवळचे आहे. पिडिंग्टन यांनी १८५३ मध्ये गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसी यांना उद्देशून सुंदरबनातील वादळी लाटेविषयी एक पत्र प्रसिद्ध केले. या जागी एक ना एक दिवस वादळाबरोबर खाऱ्या पाण्याची प्रचंड लाट येईल व वसाहत बुडवील, असे त्यांनी त्यात बजावले.

योजना तरीही पुढे गेली. लॉर्ड कॅनिंग यांच्या नावाने पोर्ट कॅनिंग उभे राहिले व कोलकात्याहून तेथवर रेल्वे नेण्यात आली. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढून मुंबईत शेअरांचा सट्टा बोकाळला, तेव्हा पोर्ट कॅनिंगच्या कंपनीचे शेअरही त्या सट्ट्यात होते. युद्ध संपल्यावर १८६५ मध्ये हा फुगा फुटला आणि मुंबईतील अनेक धनिक घराणी धुळीस मिळाली.

१ नोव्हेंबर १८६७ रोजी चक्रीवादळाने पोर्ट कॅनिंगला तडाखा दिला. सुमारे सहा फूट उंचीची लाट गावावरून गेली. रेल्वे स्थानक, मालाची गोदामे आणि धक्के यांची मोठी हानी झाली. आधीच डबघाईला आलेले हे बंदर त्यानंतर काही वर्षांत सोडून देण्यात आले.

मृत्यू आणि त्यानंतरचा काळ

पिडिंग्टन यांचे ७ एप्रिल १८५८ रोजी कोलकात्यात निधन झाले. सहा वर्षांनी, ५ ऑक्टोबर १८६४ रोजी, कोलकात्यावर आलेल्या चक्रीवादळात आणि त्याबरोबरच्या लाटेत सुमारे ६०,००० माणसे मृत्युमुखी पडली. या आपत्तीनंतर बंदरांना वादळाची पूर्वसूचना देण्याच्या व्यवस्थेला गती मिळाली. १८६६ व १८७१ मधील पावसाच्या अपयशाची त्यात भर पडली आणि १८७५ मध्ये भारतीय हवामान विभागाची स्थापना झाली.

अमिताव घोष यांच्या 'द हंग्री टाइड' (२००४) या कादंबरीत पिडिंग्टन आणि मातला बंदर यांची कथा आली आहे. त्यामुळे त्यांचे नाव हवामानशास्त्राबाहेरील वाचकांनाही परिचित झाले.

शब्दाचा पुढील प्रवास

पिडिंग्टन यांच्यानंतर 'सायक्लोन' शब्दाचा अर्थ विस्तारला. समशीतोष्ण प्रदेशातील कमी दाबाच्या फिरत्या वायुप्रणालींनाही तो लावला जाऊ लागला. फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८६३ मध्ये जास्त दाबाच्या केंद्राभोवतीच्या उलट अभिसरणासाठी 'अँटिसायक्लोन' हा शब्द योजला. उष्ण कटिबंधातील वादळांचा वेगळा निर्देश करण्यासाठी 'ट्रॉपिकल सायक्लोन' ही संज्ञा रूढ झाली. अमेरिकेच्या अंतर्भागात मात्र बोलीभाषेत टोर्नॅडोलाच 'सायक्लोन' म्हटले जाई. गिरण्यांमध्ये हवा गरगर फिरवून तिच्यातील धूळ वेगळी करणाऱ्या शंक्वाकार यंत्रालाही हेच नाव मिळाले.

प्रदेशपरत्वे जुने शब्द टिकून राहिले. अटलांटिक आणि ईशान्य पॅसिफिक महासागरात 'हरिकेन', वायव्य पॅसिफिकमध्ये 'टायफून' आणि हिंदी महासागरात 'सायक्लोन' असे एकाच प्रकारच्या वादळाला म्हटले जाते. ज्या शब्दाने सर्व प्रदेशांतील वादळे एका नावाखाली आणायची होती, तो शब्द अशा प्रकारे स्वतः एका प्रदेशाचा झाला.

जोराविषयी काही न सांगणाऱ्या या शब्दाला भारतात आता वेगाची निश्चित सीमाही आहे. भारतीय हवामान विभागाच्या वर्गीकरणानुसार वाऱ्याचा सातत्यपूर्ण वेग ताशी ६२ ते ८८ किलोमीटर असेल तेव्हा प्रणालीला चक्रीवादळ म्हणतात आणि ८९ ते ११७ असेल तेव्हा तीव्र चक्रीवादळ. त्यापुढेही अधिक तीव्रतेच्या श्रेणी आहेत.

मराठी प्रतिशब्द आणि कोकण किनारा

मराठीत वादळ, तुफान, वावटळ, झंझावात, सोसाट्याचा वारा असे शब्द पूर्वीपासून आहेत. त्यांपैकी वावटळ हा शब्द फिरत्या वाऱ्याचा निर्देश करतो, परंतु तो उन्हाळ्यात धूळ व पाचोळा उडवणाऱ्या लहान भोवऱ्यासाठी वापरला जातो. सायक्लोनसाठी वृत्तपत्रे व सरकारी सूचना यांत 'चक्रीवादळ' हा शब्द रूढ झाला. मराठी विश्वकोशात 'चक्रवात', तर शालेय भूगोलात 'आवर्त' आणि त्याच्या उलट 'प्रत्यावर्त' हे शब्द आढळतात. या तिन्ही प्रतिशब्दांत फिरण्याची कल्पना कायम आहे.

अलंकारिक वापरात मात्र मराठी आणि इंग्रजी जुन्या शब्दांकडेच वळतात. सभा वादळी होते, गर्दी तुफान असते आणि क्षुल्लक वादाला पेल्यातील वादळ म्हटले जाते. शेवटचा प्रयोग इंग्रजीतून मराठीत आला आहे.

अरबी समुद्रात बंगालच्या उपसागराच्या तुलनेने कमी चक्रीवादळे निर्माण होतात. तरी कोकण किनारा त्यांपासून मुक्त नाही. पिडिंग्टन यांच्या हयातीतच, नोव्हेंबर १८५४ च्या आरंभी, मुंबईला वादळाचा मोठा तडाखा बसला आणि बंदरातील जहाजांची व मालमत्तेची प्रचंड हानी झाली. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' हे चक्रीवादळ रायगड जिल्ह्यात अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. त्यावेळी वाऱ्याचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर होता. श्रीवर्धन, मुरूड आणि दापोली परिसरातील नारळी-पोफळीच्या बागा उन्मळून पडल्या.

मुंबई, पनवेल आणि कामोठे हा भाग केंद्राच्या मार्गाच्या डाव्या बाजूस राहिला, तर श्रीवर्धनचा दक्षिणेकडील किनारा उजव्या बाजूस आला. उत्तर गोलार्धात किनाऱ्याकडे येणाऱ्या चक्रीवादळाच्या उजव्या बाजूला वारे समुद्राकडून जमिनीकडे वाहतात व वादळाच्या पुढे सरकण्याचा वेगही त्यांत मिळतो. त्यामुळे ही बाजू अधिक विध्वंसक असते. शिंगाच्या चकतीवर कोरलेला बाणही हेच दाखवत असे.

महत्त्व

वादळे फिरतात हा शोध पिडिंग्टन यांचा नव्हे. विखुरलेल्या नोंदी जमवून तो सिद्ध करणे, कप्तानाला डेकवर वापरता येईल असे साधन देणे आणि कल्पनेला नेमके नाव देणे, हे त्यांचे कार्य होय. भयाचा किंवा स्थळाचा निर्देश करणाऱ्या शब्दांऐवजी वाऱ्याची गती सांगणारा शब्द मिळाल्यामुळे खलाशाला वादळाच्या केंद्राविषयी विचार करता येऊ लागला. किनाऱ्यावरील माणसांसाठी दिलेला त्यांचा इशारा त्यांच्या काळात ऐकला गेला नाही. त्यांचा शब्द मात्र आज किनाऱ्याला दिल्या जाणाऱ्या प्रत्येक इशाऱ्यात असतो.